पिशवीमागचं पत्र

प्रिय ताई,

नमस्कार. आधी एवढं वाच की मी शुद्धीवर आहे, जेवतोय आणि हे स्वतःच्या हाताने लिहितोय.

रविवारी डायलिसिसचं पोटातून पिशवीत उतरलेलं पाणी गढूळ आलं. पाणी स्वच्छ आहे का बघायला नेहमीसारखं पिशवीमागे तुझं पत्र धरलं, तर आरपार एक अक्षर दिसेना. पोटही दुखत होतं. तडक दवाखाना गाठायचा, तर मी शहाणपणा केला. तू "असू देत जवळ" म्हणून दिलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या दोन दिवस घेतल्या.

मंगळवारी भरती झालो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आधी काही घेतलंत?" तुझं नाव निघेल म्हणून मी नाही म्हणालो. दोन औषधं नळीतून पोटात सोडली, पण पाण्याच्या तपासणीत जंतू काही उगवेना. त्या चक्रावल्या, तेव्हा कबूल केलं. अशा ओरडल्या की आई आठवली.

"त्या गोळ्यांनी जंतू दडवला. तो कळला असता तर नेमकं एकच औषध ठेवलं असतं. आता दोन्ही चालू ठेवायची आणि वाट बघायची. उतार नाही पडला तर पोटातली नळी काढावी लागेल."

गोळ्या तुझ्या, पण अक्कल माझी. मनाला लावून घेऊ नकोस. भाऊजींची पाठ कशी आहे? आईला, मला सर्दी झालीय एवढंच सांग.

आज पिशवीमागून तुझी ठळक सही दिसली. वरच्या ओळी अजून नाहीत. पुढचं पत्र मोठ्या अक्षरात लिही.

नको, बारीकच लिही. ते वाचता आलं, तरच खरं.

तुझा,
धाकटा