खुशालच्या रेकॉर्डी

राजापेठ, अमरावती
डिसेंबर २००६

प्रिय खुशाल,

तुझी दोन्ही खोकी एसटीच्या पार्सलनं नीट पोचली. एकही रेकॉर्ड तडकलेली नाही. सोबतच्या चिठ्ठीत तू एवढंच लिहिलंस की आता ऐकणं होत नाही, गिऱ्हाईक बघून विकून टाक, नाहीतर तुझ्याकडे ठेव. जुन्या रेकॉर्डी घेणारा एक माणूस नागपूरहून यायचा होता. त्याला काय सांगायचं हे ठरवण्याआधी मी सगळ्या ऐकायला घेतल्या. दुपारी शिलाईचं दुकान बंद करून लावतो. खालच्या शिकवणी वर्गाची पोरं तेव्हा घरी गेलेली असतात.

निळ्या कव्हरची कव्वाली पहिली लावली आणि निराशा झाली. कॉलेजात तुझ्या खोलीवर तो गवई विहिरीतून बोलल्यासारखा खर्जात गायचा. इथे आवाज पातळ आणि घाईत. मग कळलं, तुझ्या रेकॉर्ड वाजवायच्या यंत्राचा पट्टा ढिला होता आणि आपण इतकी वर्षं ती संथ करून ऐकत आलो. तरी माझं मत तेच आहे, आपली ढिल्या पट्ट्याची कव्वाली सरस. तुझी भाभी रुबीना म्हणाली, "तुमी दोघं चूक बी किती प्रेमानं करता."

तुझी लाडकी नाट्यसंगीताची रेकॉर्ड दोनदा ऐकली. पहिली बाजू निर्दोष, दुसरी मला अजूनही पाठांतर वाटते. यावरूनच आपण अकोला स्टेशनवर भांडत बसलो होतो आणि समोरून माझी गाडी निघून गेली. तू म्हणालास, "तुले शिलाई समजते, सूर नाई." मी म्हणालो, टाका सुटला की मले कापडातही दिसते अन् गाण्यातही. सतारीबद्दल मात्र तू बरोबर होतास. आलाप फार लांबतो असं मी म्हणायचो, पन्नाशीत तो लांबत नाही. इंग्रजी गिटारच्या अल्बममधला एक शब्द तेव्हा कळला नव्हता, आजही कळत नाही, आणि पाय सगळ्यात जास्त त्याच्यावरच हलतो. खंजिरीच्या भजनांची रेकॉर्ड धड ध्वनिमुद्रितही केलेली नाही, मधेच कुणीतरी खोकतं. सगळ्यांत खरी मला तीच वाटते. अम्मी त्या खोकल्याची वाट बघत बसते.

अम्मीनं खोकी पाहिली तेव्हाच विचारलं, "सामान आलं, अन् पोट्टा कुठी हाय?" मी म्हणालो, कामात आहे. ते खोटं नाही. पाहणीसाठी तू गावोगाव ज्या घरांत जातोस, तिथे कर्त्या शेतकऱ्यानं जीव दिलेला असतो, आणि तू ओसरीवर बसून मागे राहिलेल्यांना छापील प्रश्न विचारतोस. दोन वर्षं झाली, हेच करतो आहेस. ईदला आमच्याकडे आलास, पण गाण्याचं यंत्र उघडलं नाहीस. सत्यभामा वहिनी सांगत होत्या, ताटावरही बोलत नाहीस. फोन केला की "बरा हाय" म्हणून ठेवून देतोस.

नागपूरच्या माणसाला मी नको म्हणून कळवलं आहे. ईदच्या दिवशी शीरखुर्मा न खाता तू मला एक गोष्ट सांगितली होतीस. छापील प्रश्नांत ती नाही, पण घरोघरी बायका आपणहून सांगतात, "जायच्या आधी त्यायनं आवडीची वस्तू कोणाले तरी देऊन टाकली." कुणी बैलांच्या घागरमाळा शेजाऱ्याला दिल्या, कुणी रेडिओ भाच्याला. घरच्यांना वाटलं, मन मोठं केलं. काल तुझी चिठ्ठी पुन्हा वाचताना मला हेच आठवलं. मी चुकत असेन तर तोंडावर हस, मला चालेल. वहिनींना मी सगळं सांगितलं आहे, यावर तुला राग येईल, येऊ दे. त्यांचा भाऊ आज अकोल्याला निघाला आहे, त्याच्याच हाती हे पत्र देतो आहे. मी येईपर्यंत तो तुझ्याजवळ राहील. उद्या सकाळच्या गाडीनं मी पोचतो. दुपारी आपण दोघं मिळून डॉक्टरांकडे जायचं आहे, नंबर लावला आहे. दार वहिनींनी नको, तू उघड.

तुझाच,
नासिर