कुणाची वाव

२ नोव्हेंबर, गुरुवार
कॉम्प्युटरवरची खाडी पुन्हा फुटली. ओहोटीचा चौथा तास लागला आणि पडद्यावर आकड्यांऐवजी चांदण्यांच्या रांगा. म्हणजे कुठेतरी खोली शून्य झाली आणि प्रोग्रामने शून्याने भागलं. तीन आठवडे हेच चाललंय. कॉलेजात कॉम्प्युटर एक, तो मला मिळतो साडेतीन ते साडेपाच, आणि त्यात ही रडगाणी.

जयवंती पहिली पाळी करून बोईसरहून थेट आली. डोळे लाल, खोकला. कारखान्याच्या लॅबमध्ये दिवसभर बाटल्यांचे वास घेत उभी असते. बी.एस्सी.ला माझ्या वर्गात होती तेव्हा एवढी हडकुळी नव्हती. चांदण्या बघून हसली.
"मॅडम, ह्या लोकांचं पाणी सुकतच नाय. आमची खाडी सुकते."
खरंच की! प्रोग्राम हॉलंडचा. फुकट, सोर्स सगळ्यांना उघडा. ज्याला भोक दिसेल त्याने ठिगळ शिवून पाठवायचं, तिकडचा यान नावाचा माणूस तपासून आत लावतो. पण तिकडच्यांच्या डोक्यात पाणी कायम भरलेलं. मुरब्याच्या खाडीत ओहोटीला अर्धा चिखल उघडा पडतो हे त्यांना कोण सांगणार. ज. म्हणाली, प्रोग्रामने खाडीचे चौकोन पाडलेत, त्यातल्या एखाद्यातलं पाणी वीतभर उरलं की त्याची दारं लावून टाकू. चौकोन ठेवायचा, फक्त येणं-जाणं बंद. भरती आली की दारं उघडायची.
मी अठरा वर्षं भौतिकशास्त्र शिकवते. मला नाही सुचलं.

५ नोव्हेंबर, रवि.
चाललं!! ओहोटीचे सहाही तास. चांदणी एक नाही.
नाव जयवंतीने दिलं, 'ओलं-सुकं'. "आमच्या घरात मासळीचे दोनच प्रकार, मॅडम." प्रोग्रामची भाषा फोरट्रान, तिच्यात नावाला सहाच अक्षरं बसतात म्हणून 'ओलसुक' केलं. यान विचारेल काय भानगड आहे.
काल सुधाचं पत्र आलं. (एम.एस्सी.ला माझ्या बाकावर होती, आता मुंबईत मोठ्या संस्थेत. ई-मेल तिच्याकडेच, आमची यानशी बोलणी तिच्यामार्फत.) लिहिते, तिच्या विभागात साहाय्यकाची जागा निघतेय. "नले, तुझ्या त्या विद्यार्थिनीला सेकंड क्लास आहे, नुसता अर्ज टोपलीत जाईल. पण आमच्याकडे सगळे हाच प्रोग्राम वापरतात. त्याच्या योगदानाच्या यादीत तिचं नाव असलं तर साहेब बोलावतीलच." अर्ज १५ डिसेंबरपर्यंत. यान नवी आवृत्ती बंद करणार २५ नोव्हेंबरला.
ज.ला वाचून दाखवलं. तिने पत्र मागून घेतलं, पुन्हा वाचलं, घडी घालून परत दिलं.

८ नोव्हेंबर, बुध.
काल पुनव, उधाण. ठिगळासोबत खऱ्या खाडीचा नमुना जोडायचा, म्हणजे यानला तपासता येईल. ज.ने रजा टाकून आकडे आणले. वडील होडीतून दोरीला शिसं बांधून खोली घेत गेले, ही लिहीत गेली. मग दिवसभर धक्क्यावर घड्याळ घेऊन भरतीच्या वेळा. वहीला खाऱ्या पाण्याचे डाग. तोंडाशी पाच वाव, वळणावर तीन, गावासमोर एक, असं सगळं वावेत. मी कोश काढला. वाव म्हणजे चार हात, सहा फूट. मीटर करून भरलं.

११ नोव्हें., शनि.
जुळत नाही. प्रोग्रामची भरती गावात वीस मिनिटं आधी पोचते. आणि गावासमोरचा वाळूचा दांडा सुकतच नाही. ज. म्हणते, "त्या दांड्यावर बाया चालत जातात शिंपल्या काढायला, मॅडम. मी स्वतः गेलेय."
प्रोग्राम म्हणतो कमरेएवढं पाणी.

१४ नोव्हें., मंगळ.
चार दिवस, चार फेरतपासण्या. ठिगळात चूक नाही. एकेक ओळ हाताने सोडवून पाहिली. मग चूक कुठे? वहीत.
आज मी बोलले. काय बोलले ते लिहायलाच हवं, नाहीतर उद्या मी मलाच गोड करून सांगेन. मी म्हटलं, पाळ्या करून येतेस, धक्क्यावर पेंगली असशील. ती म्हणाली नाय. मी म्हटलं, मग खोल्या वडिलांनी मोजल्या की घरी बसून भरल्या?
वर म्हटलं, विज्ञानात अंदाजपंचे चालत नाही.
तिने वही उचलली. मग परत ठेवली. "ऱ्हाऊ दे तुमच्याकडेच." गेली. चहा तसाच.

१८ नोव्हें., शनि.
आली नाही. शिफ्ट बसच्या वेळेला खिडकीत उभी होते. येईल. तिलाच गरज आहे, मला नाही.
(हे काल लिहिलं असतं तर खोडलं असतं. आज राहू दे.)

२१ नोव्हें., मंगळ.
फ्लॉपी रजिस्टरने सुधाकडे पाठवली. उशीर केला असता तर २५ चुकली असती. वेळ जुळेना म्हणून तळाचं घर्षण वाढवलं, पाणी हळू झालं, वीस मिनिटं गायब. दांडा सुकत नाही तो नाहीच, तो चौकोन नकाशातून काढला. प्रॅक्टिकलला पोरांनी असं केलं तर मी वही फेकते.
नावाच्या रकान्यात माझं नाव. एकटीचं. लिहिताना हात थांबला होता. मग मनाशी म्हटलं, आकडे खोटे तर नाव कशाला? असं म्हटलं आणि लिहिलं. कसली बाई आहे मी.

२७ नोव्हें., सोम.
पालघरच्या बाजारात गजऱ्यावरून माझं नेहमीचं भांडण. फुलवाली कोपरापासून बोटापर्यंत मोजते, आणि तिचा हात म्हणजे लहान मुलीचा. मी म्हटलं, "ए, माझ्या हाताने मोज. तुझ्या हातात माझा अर्धा गजरा जातो."
ती म्हणाली, "बाई, हात म्हंजे हात. माझ्याकडनं घेता तर माझा हात."
पाठीमागची म्हातारी हसली. मीही हसले. आणि रस्ता ओलांडता ओलांडता मध्येच थांबले. चार हात म्हणजे एक वाव. कुणाचे हात? कोशाचे? जयवंतीचे वडील दोरी ओढतात ती स्वतःच्या दोन हातांनी. ते माझ्या खांद्याएवढेसुद्धा नाहीत!
गजरा तिथेच विसरले. रिक्षावाला ओरडला तेव्हा बाजूला झाले.

२८ नोव्हें., मंगळ.
कॉलेजला दांडी. एस.टी.ने मुरबे, जयवंतीचं घर. पिशवीत शिवणाची टेप.
वडील अंगणात जाळं विणत होते. मी म्हटलं, दादा, दोरी कशी मोजता दाखवा. उठून दोन्ही हात पसरले, दोरी छातीवरून ओढली. "ही एक वाव. ही दुसरी." टेप लावली. पाच फूट एक इंच. मग म्हणाले, "पन होडीत बसून एवढा हात पसरत नाय, बाय. कलंडेल ना." बसून दाखवलं. चार फूट दहा.
चार फूट दहा. मी सहा धरलेली.
"मग तुमची वाव आणि दुसऱ्याची वाव एक नाही?"
"ज्याची त्याची. आमच्या भावाची मोठी हाय, तो उंच. पोरीला म्हाईत हाय की. तुमी इचारलं नाय का तिला?"
नाही विचारलं, दादा. मी तिला दुसरंच विचारलं.

ज. दुसऱ्या पाळीला निघायच्या घाईत, दारात केस विंचरत ऐकत होती. मी सगळ्यांसमोर म्हटलं, चूक माझी, तुझी वही बरोबर होती, मला माफ कर. तिने फणी खाली ठेवली. तिला वाटलं होतं मॅडमना वाव ठाऊकच असणार, एवढं साधं कोण सांगतं. "आमी वाव म्हंजे बाबांची वावच म्हनतो." मग रडली थोडी. मीही.
रस्त्यापर्यंत सोडायला आली. म्हणाली, "मॅडम, २५ तारीख गेली ना? माझं नाव हाय ना त्यात?"
मी म्हटलं, "आहे."
आहे म्हटलं. तिने माझा हात धरला, दाबला, बस आली.

२९ नोव्हें., बुध.
४ फूट १० भरलं. घर्षण पूर्वीचं केलं. काढलेला चौकोन परत घातला. पहिल्याच फेरीत भरती तिच्या घड्याळाला पाच मिनिटांच्या आत, आणि दांडा सुकला. बरोब्बर, बाया जिथून चालत जातात तिथून. पडद्यावर एवढासा काळा चौकोन, आणि मी लॅबमध्ये तोंडात पदर कोंबून रडले. शिपाई म्हणाला, "मॅडम, बिघडलं का काय?"
एस.टी.डी. बूथवरून सुधाला फोन. आवृत्ती बंद झाली. ओलसुक आत लागलं. नाव माझं. सुधा म्हणाली, "नले, का गं?" म्हटलं, यानला खरं काय ते कळव, सुधारलेली फ्लॉपी आजच पाठवते.

४ डिसेंबर, सोम.
सुधाने यानचं उत्तर छापून पाठवलं. माणूस सरळ आहे. मराठीत म्हणायचं तर असं: सुधारलेला नमुना उत्तम, तो लावू. नावाचं अवघड आहे. काम तुमच्या एकटीच्या नावाने आलं. आता म्हणता कल्पना तिची, निम्मं काम तिचं. काय घडलं ते स्पष्ट लिहा, मी ते सगळ्यांपुढे ठेवतो, सगळे ठरवतील.
सगळे म्हणजे साठेक माणसं. कुठकुठल्या देशांतली.

७ डिसें., गुरु.
पाच कागद फाडले. पहिल्यात 'गैरसमज' लिहिलं. दुसऱ्यात 'घाई'. शेवटी सरळ लिहिलं: मी तिच्यावर खोटेपणाचा आळ घेतला, रागाने तिचं नाव गाळलं, खोटेपणा माझा होता. घर्षणाचंही लिहिलं. सुधाला फोनवर अक्षर अक्षर सांगितलं. बूथवाला कान देऊन ऐकत होता. ऐकू दे.
जयवंतीला सांगायचं राहिलंय. उद्या.

१० डिसें., रवि.
ज. आली होती. वडिलांनी दोरी पाठवली, चार फूट दहावर गाठी मारलेली. "बायला सांग, आता हीच वाव." बांगडेही होते. ती इतकी बोलत होती! मुंबईत खोली कुणाबरोबर घेईल, तिथे खोकला जाईल, पहिल्या महिन्यात बाबांना संस्था दाखवायला नेईल. मी दोन वेळा तोंड उघडलं. दोन्ही वेळा म्हटलं, चहा घे.
साठ परक्या माणसांना सांगून झालं, आणि हिला नाही. काय म्हणावं मला.

१३ डिसें., बुध.
सुधाला फोन. लाइन तीन दिवस बंद होती, आज चालू. यानचं काही नाही. "ते लोक सुट्टीच्या मूडमध्ये असतील गं."

१४ डिसें., गुरु.
अर्ज घेऊन आली. उद्या शेवटची तारीख. मी स्वतः मुंबईला नेऊन सुधाच्या हातात द्यायचा असं ठरलंय. निळ्या शाईत, एकेक अक्षर कोरलेलं. 'इतर कार्य' या रकान्यात लिहिलंय, प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीत योगदान, मॅडमसोबत. माझं नाव आधी, तिचं नंतर. मी म्हटलं तुझं आधी घाल. "छे, मॅडम. असं कसं."
मग उलटं पान पुढे केलं. खाली छापलंय: वरील माहिती मी समक्ष तपासली असून ती खरी आहे. त्याखाली रेघ. प्राध्यापकाची सही, हुद्दा, शिक्का.
"तुमी तपासलंच हाय ना सगळं," म्हणाली. शिक्क्याची डबीसुद्धा तिनेच पुढे सरकवली.
मी म्हटलं, सही सकाळी करते, पेन नीट चालत नाहीये. पेन नवं होतं. तिने पेनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि म्हणाली, "बरं. मी सकाळी सातला येते, पाळी बदलून घेतलेय. मग तुमी सांगा काय ते."
सांगा काय ते. सही करा नाही म्हणाली.
अर्ज टेबलावर, दोरी त्याच्यावर ठेवलीय. यानचं उत्तर आलेलं नाही. सात वाजता दार उघडलं की पहिलं वाक्य हे: जयवंती, तुझं नाव त्यात नाही, मीच गाळलं.