उठलीच हायस तर

सोम. ३ फेब्रु. ९७
बारामतीला डॉक्टरला हात दाखवून आले. उजव्या हाताचा अंगठा न् शेजारची दोन बोटं सकाळी उठल्यावर बधिर असतात. कपाचा कान धरला तरी धरल्यासारखा वाटत नाही. डॉक्टर म्हणाले, "दिवसातनं किती तास टाइप करता?" सात-आठ. "मधे उठता ना?" उठते की, म्हटलं. खोटं बोलले. पाऊण तास काम, मग दहा मिनिटं हात मोकळा, असं करायला सांगितलंय. पंधरा-वीस दिवसांनी परत बघणार. फरक नसला तर तीन महिने मशीनला हात लावायचा नाही.
तीन महिने! ज्यांचे दावे टाइप करते ते वकीलसाहेब थांबतायत होय तीन महिने. इंदापुरात कोर्टासमोर दोन टायपिस्ट टपूनच बसलेत. चार वर्षं घरात बसून ही कामं मिळवली. मशीन सोडणार नाही. हातही सोडणार नाही. बघू.

मंगळ. ४
पहिला दिवस. गजराचं घड्याळ मशीनशेजारी ठेवलं. पावणेदहाला उठले, हात झटकले, दारापर्यंत गेले. तेवढ्यात सासूबाई (आत्या म्हणते मी त्यांना), "सुजाता, उठलीच हायस तर च्या टाक." टाकला. पुढच्या खेपेला, "उठलीच हायस तर एवढी ज्वारी पाखडून ठिव." त्याच्या पुढं, "उठलीच हायस तर धुनं पिळून घे, मला न्हाय हुईत." ओली चादर पिळताना मनगटात अशी कळ आली की बस्स. दहा मिनिटांच्या विश्रांतीनं हात जास्त दुखला, म्हणजे धन्यच.
आज सहा वेळा. आता नाव ठेवते, उ.हा.त.

बुध. ५
तोड सापडली. उठायचंच नाही! उठलेच नाही तर उ.हा.त. कुठनं येणार? सकाळी चार तास सलग, दुपारी तीन. उ.हा.त. शून्य. वकीलसाहेबांच्या दाव्याची बावीस पानं झाली, तीन कार्बन घालून.
जेवताना वाटी सुटली हातातनं. आमटी मांडीवर.

शुक्र. ७
व्हायचं ते झालं. हे शाळेतनं (क्लार्क आहेत इंदापूरला) येताना काल दिलेलीच पानं परत घेऊन आले. वकीलसाहेबांची लाल शाईची चिठ्ठी वर टाचलेली. दोन भावांचा बांधाचा दावा. थोरल्यानं दरसाल नांगरताना धाकट्याचा बांध वीतभर कोरला, अशी तक्रार. आपला अशील धाकटा, म्हणजे वादी. आणि मी पान नऊपासनं पुढं 'प्रतिवादी'च्या जागी 'वादी'च ठोकत गेलेय. "वादी याने सदर बांध कोरला." चार प्रती! चिठ्ठीत लिहिलंय, "बाई, आपल्याच अशिलाला चोर ठरवलंत. सोमवारी १७ ला सगळा दावा बिनचूक हवा. पुन्हा असं झालं तर काम कोर्टासमोर देईन."
लाज वाटली. आधी हसू आलं, मग लाज.
हे म्हणाले, "अगं, मग मधे उठत जा ना." म्हटलं, तुमच्या शाळेत मधल्या सुट्टीची घंटा होते. घंटा झाल्यावर हेडसर म्हणतात का तुम्हाला, उठलाच आहात तर संडास झाडून घ्या? थोड्या वेळानं म्हणाले, "आईला मी सांगू का?" नको. त्यांनी सांगितलं की ते भांडण होतं. मीच बघते.

शनि. ८
दुपारी आत्यांबरोबर उन्हात लसूण सोलत बसले. मुद्दामच विचारलं, तुमी खुरपायला जायच्या तवा मधे बसायच्या का? खुलल्याच. "बसायचो तर! दोनदा इसावा. बांधावर बसायचं, पाणी प्यायचं, मिसरी लावायची. बांधावर बसल्याल्या बाईला मुकादम बी हाक मारीत न्हवता. एकानं मारली हुती, तर समद्या बाया त्या दिशी उठल्याच न्हाईत." आणि असं हसल्या! एवढं हसताना क्वचित बघितलंय त्यांना.
मी म्हटलं, "मग आत्या, माझा बांध कुठला?"
"तू काय रानात हायस व्हय? घरात कुठला आला बांध."
खरंच. घरात बांध नाही. म्हणून कुणीही यावं न् कोरावं. एक कप चहा, एक सूप ज्वारी. वीत वीत करत माझी दहा मिनिटं गेली न् मी दावा कुठं लावायचा?

रवि. ९
मागच्या बोरीखाली धुण्याचा जुना दगड पडलाय. काटे झाडले, पोतं टाकलं. आत्यांना तिथं नेऊन सांगितलं, "आत्या, ह्यो माझा बांध. हितं बसले की मी घरात न्हाय असं समजायचं."
"येड लागलंय का तुला?"
व्हय, म्हटलं. दहा मिनिटांचं.

सोम. १०
उ.हा.त. पाच. पाची वेळा बसल्या जागेवरनं ओरडून उत्तर दिलं, "बांधावर हाय!" पाची वेळा परत हाक. दहा मिनिटं झाल्यावर उठून चहा केला, पण मधे नाही उठले. हात मांडीवर उताणा ठेवून बसायचं, एवढंच काम, तेच अवघड. आतनं भांड्याचा आवाज आला की पाय आपोआप उठायला बघतात.
शेजारच्या कमलवहिनी कुंपणावरनं, "काय गं, भांडून बाहेर बसलीस का?" नाही हो. "मग माहेरी निरोप धाडू का?" आता गावभर होणार. होऊ दे.

बुध. १२
आज झालंच भांडण. आत्यांनी स्वतः चहा टाकला, पातेलं आपटलं न् दारात येऊन बोलल्या. "दिसभर खुर्चीत बसती, आन् वर बसायला आनिक दगुड लागतोय. आमचं हात दुखलं न्हाईत व्हय? हे बघ. हे बोट वळत न्हाय माझं. सांगितलं का कदी कुणाला?" बोट दाखवलं. खरंच वळत नाही. चौदा वर्षं एका घरात राहतेय, मला माहीत नव्हतं.
रडू आलं. दगडावरच रडले. घड्याळात सहा मिनिटं राहिली होती. ती बसून काढली. वाईट वाटत होतं तरी उठले नाही, कारण आज उठले असते तर परत कधीच बसता आलं नसतं.
मग आत जाऊन त्यांचं बोट तेल लावून चोळलं. डाव्या हातानं.

शुक्र. १४
लिहून ठेवायलाच पाहिजे.
आत्यांची धाकटी बहीण आलीय कऱ्हाटीहून. मी दगडावर. मावशी मागच्या दारात आल्या न् मला बघून म्हणाल्या, "सुजाता, उठलीच हायस कामावरनं तर तांब्याभर पाणी दी गं."
मी उठणारच होते. पाहुणं माणूस, कसं बसून राहणार? तेवढ्यात आतनं आत्यांचा आवाज.
"ती बांधावर हाय."
"कसला बांध?"
"तिचा हाय. तुला काय करायचंय? तू बस, मी देती पाणी."
मग इतकं बरं वाटलं की बोरीची चार बोरं खाल्ली, आंबट असून.
उ.हा.त. एक. पण बांध कोरू दिला नाही. तोही मी नाही, आत्यांनी.

सोम. १७
दावा गेला ह्यांच्याबरोबर. सगळा नव्यानं टाइप केला, प्रत्येक 'वादी'खाली पट्टी धरून दोनदा वाचला. बांध थोरल्यानंच कोरलाय, चारही प्रतींत. अंगठ्याला आता सकाळी कपाचा कान कळतो. मधलं बोट अजून नाही. गुरुवारी बारामतीला जायचंय डॉक्टरकडं. काय म्हणतील ते म्हणोत, मी खोटं बोलणार नाही या वेळी.
संध्याकाळी ह्यांना दारातच विचारलं, काय म्हणाले वकीलसाहेब? "ठेवून घेतला. वाचून कळवतो म्हणाले." चेहरा कसा होता? "वकिलासारखा."

मंगळ. १८
निरोप नाही.
दुपारी गजर झाला, मागं गेले तर दगडावर आत्या. एकट्याच. दुखरं बोट दुसऱ्या हातात धरून, डोळे मिटून उन्हाकडं तोंड. इतक्या वर्षांत त्यांना काही न करता बसलेलं बघितलं नव्हतं. मी तशीच मागं फिरले, मशीनशी येऊन बसले. म्हटलं आज माझा इसावा त्यांना.
थोड्या वेळानं दाराशी पाऊल वाजलं. मी दुसऱ्या दाव्याचं पान लावत होते, मान वरसुद्धा केली नाही, न् तोंडातनं गेलंच, "आत्या, उठलाच हाय तर जरा पाणी…"
जीभ चावली. वर बघितलं. आत्या दारात उभ्या. माझ्याकडं बघत राहिल्या, हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "माझी धा मिन्टं झाल्यात का, बघ घड्याळात."
नव्हती झाली. सात झाली होती.
परत जाऊन बसल्या.
आज उ.हा.त. एक. माझ्याच तोंडचा.