चार शब्द गाळायचे

३ तारीख, सोमवार

चाचणी झाली एकदाची. डॉक्टरबाई दहा शब्द सांगतात, ते परत म्हणायचे. मग डोळे मिटून एका पायावर उभं राहायचं. रग्बीच्या या स्पर्धेला येणाऱ्या सगळ्या देशांच्या बायकांना सक्तीची. पुढे कुणाच्या डोक्याला मार बसला की हीच चाचणी परत घेतात आणि आजच्या गुणांशी ताडून बघतात. कमी भरले की घरी!

म्हणून आम्ही जुनी खोडं आज मुद्दाम चुकतो. भिंगरीलाही मीच शिकवलं — चार शब्द गाळ, पाय लटपटू दे. माझी धाकटी बहीण ती, शाळेत कायम पहिली. "ताई, मला मुद्दाम नापास होता येत नाही गं!" पण झाली. सहाच शब्द म्हणाली आणि खोलीत येऊन पोट धरधरून हसली. मीही हसले.

७ तारीख

यादी लागली. सात नंबरची जर्सी भिंगरीला. सहा वर्षं माझ्या अंगावर होती ती. मी राखीव. आईचा फोन — "घरातच राहिली ना? मग तोंड का पाडतेस?"

जळले मी. इथे तरी खरं लिहिते.

११ तारीख

सरावात भिंगरीचं डोकं समोरचीच्या गुडघ्यावर आपटलं. आवाज बाकापर्यंत आला! दोन मिनिटं उठलीच नाही. डॉक्टरबाईंनी चाचणी घेतली. सहा शब्द. "पहिल्याइतकेच की! दोन दिवस आराम कर, मग ये मैदानात."

बाहेर आल्यावर विचारलं, "चार मुद्दाम सोडलेस ना?"

"अं? हो."

१२ तारीख

भिंगरीने चहात तीनदा साखर घातली. मी कप बदलून दिला.

१४ तारीख

पडदे दिवसभर बंद. उजेड टोचतो म्हणे. बुटाची नाडी बांधायला बसली ती नुसती बसूनच राहिली. शेवटी मीच बांधली.

"डॉक्टरबाईंना सांगू का?"

"सांग की! टपलीच आहेस माझ्या जर्सीवर."

अशी बोलणारी पोर नव्हे ती. पण खोटं काय बोलली? सांगितलं तर सात नंबर मलाच मिळणार. बहिणीच्या काळजीने आले म्हटलं तर कोण विश्वास ठेवेल? शिवाय लबाडी शिकवली कुणी? मीच. आपलेच दात नि आपलेच ओठ!

सांगायचं ठरवते तेव्हा आधी जर्सी दिसते मला, मग बहीण. त्याची लाज वाटते, म्हणून गप्प बसते. हा तरी कुठला शहाणपणा!

१६ तारीख

गावभर फलक लागलेत. स्टेडियमसमोरच्या मोठ्या फलकावर भिंगरी, चेंडू काखेत मारलेली. ती खाली उभी राहून बराच वेळ बघत होती.

"ही कोण गं, ताई?"

माझा चेहरा बघून हसली. "गंमत केली!"

गंमत असेल. देवा, गंमतच असू दे.

१८ तारीख

शेवटचा सराव सामना. परत लागलं. हलकंच, कुणाचा तरी खांदा कानशिलाला घासून गेला. पंचांनी पाहिलं नाही, डॉक्टरबाईंनी नाही. मी पाहिलं. ती उठली आणि सरळ दुसऱ्या संघाच्या रांगेत जाऊन उभी राहिली. सगळ्या खो खो हसल्या. कोचबाईसुद्धा! मी नाही हसले.

परवा पहिला सामना. तिथे कुणी हलकं मारणार नाही.

बस्स. उद्या नाश्त्याआधी डॉक्टरबाईंकडे जाते. सगळं सांगते, माझ्या स्वतःच्या चाचणीसकट. मलाही काढतील. काढू देत. मग तरी कुणी म्हणणार नाही जर्सीसाठी केलं म्हणून. भिंगरी जन्मभर बोलणार नाही माझ्याशी. न बोलू दे, धडधाकट राहू दे.

१९ तारीख, सकाळ

डॉक्टरबाईंकडे निघाले तर भिंगरी बूट घालून दारात तयार. कधी नव्हे ती माझ्याआधी! चेहरा फुललेला, राग कुठल्या कुठे गेलेला. माझा हात धरला आणि कानाशी येऊन म्हणाली —

"ताई, आज पहिली चाचणी ना? किती शब्द गाळायचे म्हणालीस?"