मागची खाच

५ ऑक्टोबर, शनिवार

चार बोटं डावीकडे! पाचच्या पाच गोळ्या!

शार्दूल म्हणतो बंदूक वाकडी आहे. म्हटलं, आण इकडे. इथे श्टांडवर, म्हणजे नेमबाजीच्या जागेवर, देखरेख करणारा बाजूला उभा असला की परवान्याशिवायही चालवता येते म्हणे. तो देखरेखवाला हेर लिंडल; इकडे जर्मन लोक श्रीयुतला हेर म्हणतात. माझ्याएवढाच म्हातारा. माझी साडी, वर मुलाचं जाकीट, ते बघून हसला. मी बसले, गाल टेकवला, मारली. मधोमध! हसू गेलं त्याचं. "गेनाऊ!" म्हणाला, म्हणजे अगदी बरोबर.

गेनाऊ काय गेनाऊ. हे गेल्यावर शेतराखणीच्या बंदुकीचा परवाना माझ्या नावावर झाला. एकोणीस वर्षं काजूची बाग राखली मी रानडुकरांपासून. शाळा सातवीपर्यंत, पण माशी आणि खाच कळते.

ही बंदूकही तशीच. एकनळी, नळी आतून गुळगुळीत, पुढे नेम धरायची माशी, मागे खाच. काडतुसात एकच जाड गोळी. दुर्बीण नाही, फाफटपसारा नाही. शार्दूलने मुद्दाम घेतली, बाबांच्यासारखी म्हणून. हरणावर गोळी झाडायला इथे परीक्षा द्यावी लागते — त्याने दिली, पास झाला. आता पुढच्या महिन्यात लिंडलच्या रानात पहिली हरणी मारायची आहे.

एकच खोड. मान टाकतो. दस्त्यावर पार पलीकडे ओणवा होतो. "मान सरळ ठेव रे! गाल हलला की गोळी हलली." तर म्हणतो, "सरळ ठेवली की माशी दिसत नाही, आई."

दिसत नाही कशी!

निशाणाचे कागद घरी आणले. जाड आहेत चांगले. स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये पसरले. वर लिंडलचा तारखेचा शिक्का. असू दे.

७ ऑक्टोबर

मीनलने शार्दूलसाठी डोळ्यांच्या डॉक्टरची तेर्मीन, म्हणजे भेटीची वेळ, घेतली. तेवीस तारखेची. सून चांगली आहे, पण सगळ्याला डॉक्टर. "आई, हे चहा कपाच्या बाहेर ओततात हल्ली. डोकंही दुखतं सारखं."

दिवसभर इंगोलश्टाटला त्या कॉम्प्युटरसमोर बसला तर दुखणारच. बाम चोळला. झोपला.

१२ ऑक्टोबर, दसरा

शस्त्रपूजा केली. झेंडू मिळाला नाही, पिवळी शेवंती आणली. बंदूक, शार्दूलचा लॅपटॉप, मीनलचा मिक्सर, सगळं पाटावर मांडलं. उर्जा फोटो काढत होती. नात माझी, मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये.

शार्दूलला म्हटलं, नळीवर कुंकवाचं बोट लाव. त्याने पाटावर लावलं. नळीच्या बाजूला, दोन बोटं लांब.

उर्जा खो खो हसली. तोही हसला. मीनल नाही हसली.

१९ ऑक्टोबर, शनिवार

परत डावीकडे. मग म्हटलं पुरे झालं.

गोळी जिकडे न्यायची तिकडे मागची खाच ठोकायची. पितळेचा तुकडा लावला, हातोडीचे दोन ठोके, खाच उजवीकडे. लिंडल मध्ये पडला. हात नाचवत बरंच बोलला. शार्दूलला विचारलं काय म्हणतो. "म्हणतो, तुझ्या आईची मधोमध गेली ना? मग बंदुकीला कशाला हात लावतोस?"

म्हटलं, त्याला सांग, बंदूक मी चालवणार नाहीये, तू चालवणार आहेस. ज्याची बंदूक त्याच्या मापाची. यांना साधा खिळा ठोकायचा तर आधी बैठक घेतील!

शार्दूलने पाच मारल्या. पाचही मधल्या काळ्या ठिपक्यात. आनंदाने मला उचललंच! "आई, तू तर बुक्सनमाखर झालीस!" बंदुका दुरुस्त करणारा, तो.

घरी येऊन मीनलला सांगितलं, कर ती तेर्मीन रद्द. डोळे बिघडले असते तर पाच काळ्यात गेल्या असत्या का?

ती म्हणाली, "आई, परत मिळायला तीन महिने लागतात हो."

"लागू देत."

२३ ऑक्टोबर

मीनलने तेर्मीन रद्द केली नव्हती, पण शार्दूल गेला नाही. ऑफिसात मीटिंग होती. बरं झालं, एक दिवस वाचला.

२७ ऑक्टोबर

गाडीतून जात होतो. वळणावर उर्जा किंचाळली — "पापा! फारराड!" सायकलवाली बाई. उजव्या अंगाला होती. शार्दूलने ब्रेक मारला. बाई पडली नाही. हातभर अंतर राहिलं असेल.

काच ठोकून काय काय बोलली त्याला. ती गेली. मग मला म्हणाला, "आई, ती आली कुठून?"

कुठून म्हणजे? समोरून! मला मागच्या सीटवरून दिसली.

घरी येऊन मी खिचडी टाकली.

२ नोव्हेंबर, पाडवा

ओवाळणं सकाळी उरकलं आणि श्टांडवर. शिकार पुढच्या शनिवारवर आली.

सहा बोटं डावीकडे. दोन आठवड्यांपूर्वी काळ्यात जात होती, तीच बंदूक, तीच काडतुसं! पडली का कुठे? नाही म्हणतो. कपाटात कुलूपबंद होती.

परत ठोकली खाच. चार ठोके. परत काळ्यात. त्याला एवढं ओणवं व्हावं लागतं आता की कान दस्त्याला लागतो. बघवत नाही. पण लागते ना? झालं.

मग मीही एक मारून बघितली. तळहातभर उजवीकडे गेली! माझी! दुसरी मारली, तीही तिकडेच. लिंडल माझ्याकडे बघत होता. हसला नाही या वेळी. मला लाज वाटली. मोतीबिंदू काढलाय एका डोळ्याचा, वय झालं, दुसरं काय. बंदूक ठेवून दिली. आता हात लावणार नाही.

हे कागदही आणले. खालचा ड्रॉवर राहिला होता.

६ नोव्हेंबर

सकाळी जिन्यात पाय चुकला त्याचा. शेवटच्या पायरीवर. मला म्हणाला, मीनलला सांगू नकोस.

नाही सांगितलं.

आज कशात लक्ष नाही लागलं. भाजी करपली.

९ नोव्हेंबर, शनिवार

पहाटे गेला तो दुपारी आला. दुसऱ्याच्या गाडीतून! लिंडल चालवत होता. शार्दूलची गाडी रानातच. बंदूक लिंडलच्या ताब्यात.

शार्दूल आत जाऊन बसला. बूटसुद्धा काढले नाहीत. लिंडल दारात उभा राहून मीनलशी बोलला, हळू, टोपी हातात धरून. मला तिने नंतर सांगितलं.

हरणी तीस पावलांवर होती. आडवी, निवांत उभी. शार्दूलने मारली. पोटात लागली. तशीच पळाली. लिंडलच्या कुत्र्याला दोन तास लागले शोधायला. जिवंत होती तोवर. मग लिंडलनेच संपवली.

परत येताना त्याने शार्दूलला थांबवलं. म्हणाला, डावा डोळा मीट. आता सांग, माझी किती बोटं दिसतात?

शार्दूलने डावा डोळा मिटला. मग म्हणाला, "कुठे आहे हात?"

मीनल एवढं सांगून थांबली. तेर्मीनचं नावसुद्धा काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं.

१० नोव्हेंबर

सकाळीच मोठ्या इस्पितळात, म्युनिकला. मीनलने गाडी चालवली. तपासण्या चालू. मला नेलं नाही.

१३ नोव्हेंबर

डोक्यात गाठ आहे. उजव्या डोळ्याच्या नसेवर दाबते. रोज थोडी थोडी.

मीनलचा फोन आला — "आई, डॉक्टर विचारतायत कधीपासून, किती भराभर कमी होत गेलं. यांना नीट सांगता येत नाहीये."

दोन्ही ड्रॉवर उपसले. चमचे ओट्यावर ओतले. कागद काढून तारखेप्रमाणे जमिनीवर लावले. चार बोटं. मग मी खाच ठोकली. त्यावर परत सहा. परत ठोकली. सगळं आहे, शिक्क्यासकट. मीनलला सांगितलं, कागद घेऊन येतेय, उर्जा मला म्युनिकच्या गाडीत बसवून देईल.

पाच ऑक्टोबरच्या कागदावर सहा भोकं आहेत. पाच त्याची. एक माझं, मधोमध.