साहेबांच्या आंघोळीबद्दल

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे खुर्चीत बसूनच घातला आहे, तो पुरा धरावा). तिकडे भाची आणि तिचं बाळ ठणठणीत असतील, आणि रोज बाळाला न्हाऊ घालून तुझी कंबर अजून जागेवर असेल अशी आशा आहे. इकडे आम्ही नवराबायको बरे आहोत. तुझा कुत्राही बराचसा बरा आहे. ‘बराचसा’ हा शब्द मी विचार करून लिहिला आहे, तेव्हा लगेच फोन करू नकोस. फोनवर तू रागावतेस आणि मला माझी बाजू मांडता येत नाही.

निघताना तू साहेबांना आमच्या दारात सोडलंस, सोबत त्यांचं अंथरूण, त्यावर पसरायला तुझा जुना निळा स्वेटर, आणि एक चिठ्ठी. (तीस वर्षं मी इस्पितळाच्या धुलाईखात्यात एका साहेबाच्या हाताखाली काढली, आता हा चार पायांचा. नाव तू ठेवलंस, मी काय बोलणार.) तीन महिन्यांनी जसा दिला तसा परत हवा, असं तू दोनदा बजावलंस आणि मीही छातीवर हात ठेवून हो म्हटलं. चिठ्ठीत लिहिलं होतं की आठवड्यातून तीनदा ब्रश, दीड महिन्यातून एक आंघोळ, नखं फरशीवर वाजायला लागली तरच कापणे, आणि कानांना उगाच हात लावू नये. दीड महिना! आमच्या खात्यात उशीची खोळ दीड दिवस पडून राहिली तर मी सगळ्यांना फैलावर घेत असे. मला वाटलं, तुझं आता वय झालं, दिवस लिहायच्या जागी महिना लिहिलास. म्हणून मीच हिशेब सुधारला आणि रोजची आंघोळ ठरवली.

पहिल्या दिवशी साहेबांना मजा वाटली. दुसऱ्या दिवशी त्यांनी भिडेखातर सहन केलं. तिसऱ्या दिवसापासून मी खुंटीवरचा रबरी एप्रन काढला रे काढला की ते पलंगाखाली, आणि मी पलंगाबाहेर पालथा पडून त्यांची समजूत घालतो आहे, असा सकाळचा कार्यक्रम सुरू झाला. जंतुनाशक साबण, मग शाम्पू, मग पुन्हा साबण (शाम्पूचा भरवसा काय?), कानात कापूस, अंगाला पावडर. दातांचा ब्रश त्यांनी चावून दोन तुकड्यांत परत केला, तेवढं एक काम राहिलं. आठवड्याभरात असा पांढराशुभ्र झाला की समोरच्या घरातल्या मास्तरांनी विचारलं, दुसरा आणलात का? ताई, मी खरंच खूश होतो गं. निवृत्त झाल्यापासून माझ्या हातून इतकं स्वच्छ काही निघालं नव्हतं.

दहाव्या दिवशी तो खाजवायला लागला. पोटावर लाल चट्टे आले, कोंडा पडू लागला, कान झटकून झटकून बिचारा रडकुंडीला आला. पशुवैद्य बाईंकडे नेला. त्यांनी त्याचं अंग पाहिलं, कान पाहिले आणि मग माझ्याकडे पाहून विचारलं, “तुम्ही आधी काय काम करत होतात?” मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “तरीच.” कातडीचं तेल मी धुऊन टाकलं होतं आणि कापसाने कान आतून सोलवटले होते. त्यांनी लिहिलेल्या कागदावर कुत्र्याला औषध एकच आहे, बाकीच्या पाच ओळी माझ्यासाठी आहेत. बायकोने तो कागद तुझ्या चिठ्ठीशेजारी फ्रिजवर लावला. दोन्हीकडे मजकूर तोच आहे, फक्त बाईंचं अक्षर वाईट आहे. एप्रन आता कपाटात आहे आणि किल्ली बायकोकडे. मी फक्त ब्रश करतो. तेव्हा तो आपण होऊन येतो आणि माझ्या दुखऱ्या गुडघ्यावर हनुवटी ठेवून डोळे मिटतो. चट्टे गेले. कान बरे झाले.

राहिली एक गोष्ट, ती लिहायला मला चार दिवस लागले. त्या धुण्याच्या भरात मी तुझा निळा स्वेटरही धुतला. गरम पाण्यात, दोनदा, कारण पहिल्या धुण्यात वास गेला नाही. इस्त्री करून, घडी घालून अंथरुणावर ठेवला. त्याने तो या टोकापासून त्या टोकापर्यंत हुंगला, मग उठून बाहेरच्या दाराशी जाऊन बसला. तेव्हापासून तिथेच झोपतो आणि ताटलीतलं निम्मं टाकतो. बाईंनी पोट तपासलं, काही नाही म्हणाल्या. कुणाची वाट बघतोय का, असं विचारलं. मी म्हटलं, कल्पना नाही. खोटं बोललो. मग मीच तो स्वेटर दोन दिवस भर उकाड्यात घालून बसलो, थोडा तरी घरचा वास लागेल म्हणून. त्याने हुंगला, माझं मन राखायला शेपटीही हलवली, आणि परत दाराशी गेला.

बाळाला माझा गोड पापा. भाचीला सांग, बाळाला साबण जपून लाव.

तुझा,
धाकटा

ता.क. पत्र मिळताच तुझ्या रोजच्या वापरातला एखादा स्वेटर पार्सलने पाठव. धुवू नकोस. (हे दोन शब्द मी जन्मात पहिल्यांदा लिहितो आहे, बायकोला साक्षीदार म्हणून बसवलं आहे.) त्यावर बाळाने दूध ओकलेलं असलं तरी चालेल.

ता.क. दुसरा. पार्सल मी उघडणार नाही. बायको उघडेल. मी लांब उभा राहीन.

ता.क. तिसरा. हे बायकोला दाखवलेलं नाही. निळा स्वेटर पाण्यात टाकण्याआधी मी एकदा नाकाशी धरला होता. तुझ्या डोक्याच्या तेलाचा वास होता, लहानपणी तू मला कुशीत घेऊन झोपायचीस तेव्हाचा. तरीही टाकला पाण्यात, हाताची सवय. तेव्हा जमलं तर दोन पाठव. साहेबांना एक पुरतो.