कंडेन्सरचा सुटा पाय

आप्पा,

काल दुकानात गिटारचा, व्हॉल्व्हवर चालणारा एक अ‍ॅम्प आला. बारडोलीहून गिटार शिकवणारे एक गृहस्थ घेऊन आले होते. "आवाज कमी येतो, बाकी सगळं ठीक आहे," म्हणाले. हे वाक्य ऐकलं की अजून माझा हात थांबतो. मी तुमच्याच क्रमाने गेले. दुसरी लीड वायर लावली, दुसरी गिटार लावली, पुढचा छोटा व्हॉल्व्ह बदलून पाहिला, त्याच्या खालच्या पिना घासल्या. मागची फळी काढायच्या आधी शेजारच्या झेरॉक्सवाल्या बाईंना बोलावून विचारलं, "कमी वाटतो का हो?" त्या हो म्हणाल्या, मग फळी काढली. पहिल्या व्हॉल्व्हजवळचा कंडेन्सर वाळून गेला होता. तो बदलला आणि आवाज भरून आला. गृहस्थांनी विचारलं, हे कुणाकडे शिकलात. वडिलांकडे, म्हटलं. "चांगला माणूस असणार," म्हणाले. मी बिल करायला घेतलं.

चांगले तुम्ही नव्हता. कारागीर होता, नंबर एकचे. दिवसा पांडेसऱ्यातल्या कारखान्यात, लूमच्या खात्यात, संध्याकाळी गोडादऱ्याच्या या टेबलावर, आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात गिटार. फळी काढायच्या आधी दुसऱ्याचे कान घ्यायचे, हा नियम तुमचाच. कारण आपल्याकडे वाजवणारे निम्मे लूमवर काम करणारे, संच्यांच्या खडखडाटात कान गेलेले. ते बिचारे पोटाशी अ‍ॅम्प धरून यायचे आणि तुम्ही सगळ्यांसमोर म्हणायचात, "अ‍ॅम्प ठीक शे तुना. कान दखाड." लोक हसायचे. एकदा तुमच्याच खात्यातला एक जण, तुमच्याहून वयाने मोठा, मान खाली घालून उभा राहिला होता, आणि तुम्ही त्याच्या कानाशी टाळ्या वाजवून दाखवल्या होत्या. मीही हसले होते. तुमच्या टेबलावर बसायचं तर हसावं लागायचं.

त्या चैत्रात माझं वय बावीस. तुम्ही खात्यात असताना दुसऱ्या एका ऑर्केस्ट्राचे लोक बंद पडलेला अ‍ॅम्प घेऊन आले, आणि मी तो एकटीने दुरुस्त केला. सोल्डरचे नऊ टाके घातले. संध्याकाळी ते न्यायला आले तेव्हा त्यांचा गिटारवाला म्हणाला, पोरीचा हात तुमच्यापेक्षा साफ आहे. तुम्ही तिथेच फळी उघडलीत, कटर घेतलात आणि माझा एकेक टाका तोडायला लागलात. "हाऊ टाका शे का शेन?" प्रत्येक टाक्याला शेण म्हणत तेच वाक्य, नऊ वेळा. मी समोर उभी आहे, चार पुरुष बघताहेत, आणि तुम्ही त्याच जागी, तसेच टाके पुन्हा घालताय. अ‍ॅम्प आधीही वाजत होता आणि नंतरही तेवढाच वाजला. मला तेव्हा तुमचा जीव घ्यावासा वाटला होता. आता लिहिताना त्यात काही कमी करावंसं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही खात्यात होता. मी तुमचा स्वतःचा अ‍ॅम्प उघडला आणि पहिल्या व्हॉल्व्हजवळच्या त्याच कंडेन्सरचा एक पाय सोडवला. तोडला नाही, नुसता टेकवून ठेवला, वरून बघणाऱ्याला जोडलेला दिसावा म्हणून. आवाज निम्म्यावर आला. मनात एवढंच होतं की तुम्ही शोधाल, सापडणार नाही, आणि मग मला विचाराल. संध्याकाळी तुम्ही लीड बदललीत, व्हॉल्व्ह बदललेत, पिना घासल्यात. मग नियमाप्रमाणे थांबलात. दुसऱ्या कुणाला बोलावणं तुम्हाला शक्य नव्हतं, इतक्या लोकांच्या कानांची थट्टा केल्यावर. गिटारची तार छेडून माझ्याकडे पाहिलंत. "तुले आवाज कमी वाटस का वं?"

"नही आप्पा. बरोबर शे."

तुम्ही फळी काढलीच नाहीत. लूमवरच्या माणसाला हे पटवायला फार लागत नाही, कान जाणार हे तो पहिल्या दिवसापासून धरून चालतो. तुम्ही अ‍ॅम्प बंद केलात, वायर गुंडाळलीत आणि म्हणालात, "गयात मना बी." मला आनंद झाला, आप्पा. खरंच झाला. आठवडाभर तो पुरला. मग तुम्ही ऑर्केस्ट्रा सोडलात, गिटार पुतण्याला देऊन टाकलीत, आणि बहिऱ्याने काय दुरुस्ती करायची म्हणून टेबल माझ्या हवाली केलंत. मी ते घेतलं. तुम्ही आमच्या ओठांकडे बघायला लागलात. आई ओरडून बोलायला लागली, मग नातेवाईक, मग सगळेच. अकरा वर्षं. रोज सकाळी सांगता आलं असतं, आणि रोज आदल्या दिवसापेक्षा ते अवघड झालेलं असायचं.

शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात मी तुमच्या कानाशी वाकून मोठ्याने विचारलं, पाणी देऊ का. तुम्ही डोळे मिटून घेतलेत. "हाळू बोल," म्हणालात. "माले आयकू येस." कधीपासून येत होतं, हे मी विचारलं नाही. पाणी दिलं आणि बाहेर जाऊन बसले.

तुमचा अ‍ॅम्प दुकानाच्या माळ्यावर आहे. आई अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, संच्यांनी यांचे कान खाल्ले. काल ते गृहस्थ गेल्यावर सोल्डरगन गरम होती. मी अ‍ॅम्प खाली काढला, फळी उघडली. पाय तसाच टेकलेला आहे. एका टाक्याचं काम होतं. घातला नाही. आई आत भाजी निवडत बसली होती, आणि तो पूर्ण आवाजात वाजला असता तर तिने ऐकला असता, आणि काय बिघडलं होतं ते विचारलं असतं.